उगाच आत गेलेला माणूस

मोहन धुरी गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या फायर स्टेशनच्या आवारात नव्या भरतीच्या मुलामुलींना होज गुंडाळायला शिकवत होतो. सकाळचे साडेआठ झाले असतील. फोन त्यांच्या मुलीचा, मृणालचा. "दादा, बाबा गेले. झोपेतच गेले," एवढंच बोलली. आवाज अगदी सरळ होता. ती शाळेत गणित शिकवते, आवाज चढवणं-पाडणं तिला जमतच नाही. मी "निघतो" म्हणालो, मुलांना सुट्टी दिली आणि गमबूट ठेवायच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नोकरीच्या सतरा वर्षांत जळलेली घरं पाहिली, जळलेली माणसं उचलली, पण हुंदके देऊन रडलो तो त्या खोलीत, पहिल्यांदा. दहा मिनिटांनी तोंड धुतलं आणि चारकोपला निघालो.

त्यांच्या इमारतीखाली तोवर आमची बरीच मंडळी जमली होती. नोकरीतली, निवृत्त झालेली, काही तर काठी टेकत आलेली. अशा वेळी लोक हळू आवाजात बोलतात, पण आयुष्यभर बंबाच्या घंटेवर आवाज चढवून बोललेल्या माणसांना ते कुठून जमणार. एका जुन्या सहकाऱ्याने शेजारच्याला सांगितलं, "देवमाणूस होता, यार. पण त्या जहाजावर उगाच आत गेला आणि वाट लागली त्याची." मृणाल जिन्यातच उभी होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान खाली घातली... त्या खाली घातलेल्या मानेपायी हा लेख लिहितो आहे.

धुरी उगाच आत गेले नव्हते. ते मला शोधायला आत गेले होते, आणि मी आत नव्हतो. सोळा वर्षं हे मी कुणालाही सांगितलं नाही. मृणाल तेव्हा चौदा वर्षांची होती. बापाची फुप्फुसं कशापायी निकामी झाली हे तिला कुणी धड सांगू शकलं नाही, कारण कागदावर कारणच नव्हतं. कुणाला वाचवताना वडील जायबंदी झाले तर पोरं ते मान ताठ करून सांगतात. 'उगाच' हे ती कुणाला आणि कसं सांगणार होती? तिला खरं सांगायचं होतं ते मी, आणि मी ते सोळा वर्षं टाळलं.

आम्ही सगळे धुरींना मामा म्हणायचो. गाव मालवणकडचं, वडील परळच्या गिरणीत, आणि आडनाव हे असं. फायरमनचं आडनाव धुरी म्हटल्यावर चेष्टेला काय तोटा. "मामा, तुमच्या बारशाला पाहुण्यांआधी बंब आला असेल," असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणायचे, "बंब नाय रे, शिडी. आमचो आजो माड चढणारो." मी साळवे. आमचं मूळ जालन्याकडचं, मी वाढलो घाटकोपरच्या वस्तीत, आणि समुद्र पाहिला होता तो चौपाटीवर भेळ खाता खाता. मामांचा मी लाडका होतो वगैरे म्हणणार नाही. स्टेशनात सगळ्यांत जास्त शिव्या मी खाल्ल्या, एवढं मात्र छातीठोकपणे सांगतो.

मामांचं काम पाटी धरायचं. बाहेरच्यांना हे काम माहीत नसतं. धुरात शिरताना आम्ही पाठीवर हवेचं सिलिंडर घेतो, तोंडावर मास्क लावतो. प्रत्येकाचा नाव लिहिलेला एक पिवळा बिल्ला असतो. आत जाताना तो दारातल्या माणसाच्या हातात द्यायचा आणि बाहेर आल्यावर परत घ्यायचा. दारातला माणूस बिल्ला पाटीवर अडकवतो आणि पुढे लिहितो की हा किती वाजता आत गेला, सिलिंडरमध्ये हवा किती आणि ती कधी संपणार. बिल्ला पाटीवर म्हणजे माणूस आत. जहाजावर तर पाटीशिवाय दुसरा भरवसाच नसतो, कारण चहूकडे पोलाद. दोन-चार भिंती मध्ये आल्या की वॉकीटॉकी मुकी होते. काही जण मामांना हजेरीमास्तर म्हणायचे. आग विझवायला आलोय की हजेरी द्यायला, असं एकदा मीही बोललो होतो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तू पाटीवर नसलंस, तर तुका शोधूचो कोणी आणि खंय?" मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, मला तो टोमणा वाटला.

जहाजाची आग ही वेगळीच जात, हे ते पुन्हा पुन्हा सांगायचे. इमारतीत आम्ही खिडक्या फोडतो, धुराला वाट देतो. जहाजात उघडलंत की संपलात. तिथे झाकणं लावून आगीचा श्वास कोंडावा लागतो. इमारतीत जिना कुठे असेल याचा अंदाज येतो. जहाजात सगळे बोळ एकसारखे, शिड्या उभ्या, आणि भिंतींवरची अक्षरं भलत्याच लिपीतली. घराची भिंत आग थोपवते, जहाजाची पोलादी भिंत तव्यासारखी तापून पलीकडचा माल पेटवते. आणि पाणी... पाण्याचा धडा त्यांनी मामींची परात आणून दिला होता. स्टेशनच्या हौदात परात तरंगत ठेवली, मधोमध कापराच्या वड्या पेटवल्या आणि माझ्या हातात तांब्या दिला. "इजव." मी चार तांब्यांत कापूर विझवला आणि ऐटीत मागे पाहिलं. तेवढ्यात परात एका अंगाला कलली, आतलं सगळं पाणी त्याच कडेला धावलं, आणि बघता बघता परात हौदाच्या तळाला. "आग इजली," मामा म्हणाले. "जहाज खंय आसा?" हौदात उतरून परात काढायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. "पाणी मारूक सगळ्यांक येता, थांबूक येवक व्हया," हे त्यांचं वाक्य मी आज नव्या मुलांना माझ्या मराठवाडी मालवणीत ऐकवतो आणि ती फिदीफिदी हसतात. हसेनात का, पण परात एकही जण विसरत नाही.

त्या दिवशी गोदीत एका मालवाहू जहाजाच्या पोटात कापसाच्या गाठी पेटल्या होत्या. उपनगरांतल्या स्टेशनांकडून जादा माणसं मागवली, त्यांत आम्ही होतो. भर दुपारची वेळ. कापूस ज्वाळा दाखवत नाही, आतल्या आत धुमसतो, आणि वरून पाणी मारलं तर गाठी ते पिऊन जड होतात व जहाज कलायला लागतं. म्हणून हुकूम असा होता की पाणी बेताचं, वरची झाकणं बंद, आणि शेजारच्या भिंती किती तापल्यात ते जोड्या पाठवून बघायचं. डेकवर नुसतं उभं राहिलं तरी बुटांचे तळवे मऊ पडत होते. मी आणि माझा जोडीदार पवार, दोघांनी मामांच्या हातात बिल्ले दिले आणि आत शिरलो. जोडीने जायचं, जोडीने यायचं, हा पहिला नियम. चार मिनिटांत पवारच्या मास्कमधून धूर आत यायला लागला. मी त्याला दारापर्यंत आणून सोडलं, आणि "तू हो पुढे, मी भिंत बघून आलोच" म्हणून एकटाच मागे वळलो. ही माझी पहिली चूक. मामा दारातून ओरडले, "साळव्या, फिर मागे!" मला ते स्पष्ट ऐकू आलं होतं. न ऐकल्यासारखं करून मी पुढे गेलो.

भिंतीला हात लावला, हातमोज्यातूनही चटका बसला. परतताना एका बोळाऐवजी दुसऱ्यात शिरलो. डोळ्यांसमोर धरलेला हात दिसत नव्हता. दोनदा फिरून त्याच वळणावर आलो. हवा संपत आल्याची शिट्टी वाजायला लागली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. चाचपडताना एका उभ्या शिडीला हात लागला, चढलो, डोक्यावरचं झाकण ढकललं, आणि उजेडात आलो तो जहाजाच्या पलीकडच्या अंगाला, समुद्राच्या बाजूला. खाली पाणी मारणारी एक लाँच उभी होती. तिच्यावरच्या लोकांनी दोराची शिडी दाखवली, मी उतरलो, मास्क काढला आणि उताणा पडलो. लाँचच्या तांडेलाने हातात चहाचा ग्लास दिला. मी तो प्यायलो, सावकाश. मग दुसराही घेतला. मी जिवंत होतो, पण ही बातमी माझ्यापुरतीच होती. तिकडे पाटीवर माझा बिल्ला लटकत होता आणि त्याच्यापुढे लिहिलेली माझी हवा संपत चालली होती. खांद्यावर वॉकीटॉकी होती. बटण दाबायला एक बोट लागतं. पंपाच्या आवाजात मला कुणाची हाक ऐकू आली नाही हे खरं, पण मीही हाक दिली नाही हेही तितकंच खरं. 

इकडे काय झालं ते पवारने मला नंतर सांगितलं. मामांनी मला चार-पाच हाका दिल्या, घड्याळ पाहिलं. मदतीसाठी राखून ठेवलेली जोडी नुकतीच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. ती परत येईतो माझी हवा संपणार होती. मामांनी पाटी पवारच्या हातात दिली, स्वतः सिलिंडर-मास्कचा सेट चढवला, स्वतःचा बिल्ला पाटीवर अडकवला आणि पुढे वेळ लिहिली. तेवढ्या घाईतही लिहिली. पाटी धरणाऱ्याने पाटी सोडायची नाही, हा नियम आम्हाला शिकवणारे तेच होते. आत त्यांनी मला बोळाबोळातून शोधलं, नावाने हाका मारल्या, स्वतःची शिट्टी वाजायला लागल्यावरही शोधत राहिले. शेवटचा पल्ला ते हवेशिवाय, तापल्या लोखंडावरून रांगत बाहेर आले.

लाँचने मला धक्क्यावर सोडलं. मी चालत पाटीपाशी आलो तेव्हा मामा जहाजाचे दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसले होते. चेहरा काळा, ओठ निळे, खोकल्याने अंग पिळवटून निघत होतं. मला पाहून म्हणाले, "खंय होतंस रे?" मी म्हणालो, "पलीकडे. लाँचवर."  त्यांनी पवारकडून पाटी मागून घेतली, पेन्सिल घेतली आणि माझ्या नावापुढे बाहेर आल्याची वेळ लिहिली. स्वतः आत गेले त्याच्या दहा मिनिटं आधीची. माझा बिल्ला काढून माझ्या हातात ठेवला. पाटीवर आयुष्यात एक खोटा आकडा न लिहिलेल्या माणसाने त्या दिवशी एक लिहिला. मी प्रोबेशनवर होतो. एकटा आत गेलो आणि न सांगता बाहेर पडलो, एवढ्यावर माझी नोकरी गेली असती, आणि आमच्या घरात कमावणारा मी एकटाच होतो हे त्यांना ठाऊक होतं.

चौकशी झाली. पाटी सांगत होती की साळवे वेळेत बाहेर आला. मग पाटी सोडून धुरी आत कशाला गेला? मामांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उगाच. बघायला गेलो." तो शब्द जसाच्या तसा कागदावर उतरला आणि कागदावरून सगळ्यांच्या तोंडी गेला. त्यांच्यावर शिस्तभंगाचा ठपका आला. पवारला मामांनी बोलूच दिलं नाही. पुढे तो नोकरी सोडून गावी गेला. मला साहेबांनी विचारलं, "पाटीवर लिहिलंय त्याच वेळी बाहेर आलात ना?" मी "हो, साहेब" म्हणालो. माझी दुसरी चूक कोणती म्हणाल तर हीच, कारण पहिली घाईत झाली होती आणि ही खुर्चीवर बसून केली.

त्यानंतर मामांना आगीच्या वर्दीचे फोन घ्यायला बसवलं. जिना चढताना धाप लागायची, पण घाबरलेल्या माणसाकडून पत्ता कसा काढावा ते त्यांच्याकडून शिकावं. समोरची बाई किंचाळत असली तरी यांचा पहिला प्रश्न तोच, "ताई, घरात माणसं किती?" पुढे तेही झेपेना, मुदतीआधी निवृत्त झाले, आणि घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. महिन्यातून एका रविवारी मी चारकोपला जायचो. मामी कोंबडीवडे करायच्या, मी पोटभर जेवायचो. दोनदा म्हणालो, "मामा, मी साहेबांना खरं सांगून टाकतो." दोन्ही वेळा त्यांनी हात वर केला. "मी लिवलंय ता लिवलंय. खोडूचा नाय." मला ते सोयीचं होतं. मी कायम झालो, बढती मिळाली, लग्न झालं, मुलुंडला घर झालं. त्या दिवसापासून चहा सुटला वगैरे काही नाही, चहा मी रोज पितो. शेवटची भेट झाली तेव्हा ते तीन शब्द बोलून थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा बोलायचे. तरी विषय तोच. "हल्ली खोक्यावर एक लिवतत... आत भलताच असता... बॅटऱ्या काय, रसायनां काय. आधी विचारा आत काय आसा... मगे पाणी." मी मान डोलावत होतो. आज गोदीतल्या आगीला जाताना माझी माणसं आधी मालाचे कागद मागतात, त्यात मामांचा हात आहे, आणि हे मी कुणाहीसमोर ठामपणे सांगेन.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मी वरिष्ठांना पत्र लिहून दिलं. सगळं लिहिलं, लाँच आणि दोन ग्लास चहासकट. काय कारवाई व्हायची ती होवो. मामांच्या नावावरचा ठपका पुसायला माझी सही हवी होती, ती मी केली. पत्र दिलं त्याच आठवड्यातल्या रविवारी चारकोपला गेलो. मामी गावी गेल्या होत्या. मृणाल एकटीच वह्या तपासत बसली होती. मी बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं.  माझं संपल्यावर ती गणित तपासावं तसं विचारायला लागली.

"बाबा आत गेले तेव्हा तुमचा बिल्ला पाटीवर होता?"

"होता."

"हवा संपत आली होती?"

"हो."

"म्हणजे त्यांच्या दृष्टीने तुम्ही आत होतात."

"हो."

"मग बरोबर गेले," ती म्हणाली, आणि तिचा तो सरळ आवाज पहिल्यांदाच फुटला. "मला वाटायचं, आत जाताना त्यांना आमची आठवणच आली नसेल. उगाच जाणाऱ्या माणसाला घर कुठे आठवतं... चौदाव्या वर्षापासून मी त्यांच्यावर रागावलेय, दादा. औषधं दिली, मशीन साफ केलं, सगळं केलं, पण रागावूनच केलं."

 मी पत्र दिल्याचं सांगितलं. पेपरातही लिहीन म्हणालो, माझ्या नावानिशी. तिने डोळे पुसले.

"लिहा. पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नका. तुम्ही दर महिन्याला इथे येऊन जेवून जायचात, माझ्यासमोर. ते मी नाही विसरणार." मग म्हणाली, "बाबांचं मिटलं. तुमचं तुम्ही बघा."

मी चपला घातल्या आणि उतरलो. मामांची एक सवय होती. घरातून कुणीही निघालं, कुरिअरवाला का असेना, ते गॅलरीत येऊन उभे राहायचे आणि तो माणूस सोसायटीच्या फाटकाबाहेर पडेपर्यंत आत जायचे नाहीत. ऑक्सिजनची नळी लागल्यावरही, ती पुरेल तेवढी ओढत यायचे. इतकी वर्षं मी फाटकातून वळून वर हात करत आलो होतो. त्या दिवशी मात्र मान वर करायचा धीर होईना, आणि वर असणार तरी कोण होतं. फाटकापाशी पोचलो तेव्हा राहवलं नाही. वळून पाहिलं, तर गॅलरीत मृणाल उभी होती, हातात लाल पेन तसंच. तिने हात हलवला नाही, हसलीही नाही. मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं, तेव्हा ती आत गेली.